पुढचं बघणारी

रावेतच्या फ्लॅटमध्ये बघण्याचा कार्यक्रम आटपत आला, तेव्हा सिद्धेशने मुलीला एकच प्रश्न विचारला. "रोइंगमध्ये तुम्ही नेमकं काय करता?"

"मी कॉक्स आहे, वल्हं मारत नाही," आम्रपाली म्हणाली. "आठ जणी वल्हवतात, पण त्यांची पाठ पुढच्या दिशेला असते. पुढचं फक्त मला दिसतं. म्हणून मी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं."

"म्हणजे घाम त्यांचा आणि हुकूम तुमचा! चाकणला आमच्या कंपनीत याला सुपरवायझर म्हणतात."

"त्याचं तुम्ही ऐकता?"

"समोर असला की."

"आमच्यात मी 'ईझी ऑल' म्हटलं की वल्ही जागच्या जागी थांबतात. का म्हणून कोणी विचारत नाही."

"अवघडच आहे," सिद्धेश हसला.

निघताना सगळ्यांना जय भीम करत तो उलट्या पावलांनीच दाराकडे सरकला. नजर आम्रपालीवरच होती. मागे चपलांचा स्टँड होता.

"ईझी ऑल!"

त्याचा उचललेला पाय तसाच अधांतरी थांबला.

सिद्धेशची आई आम्रपालीच्या आईच्या कानाशी लागली. "आता तारीखच काढा, ताई. लहानपणापासून हाका मारतेय, पण हा एकदा म्हणून थांबलेला नाही."