जिन्याचा कठडा

वहिनी गेल्यापासून दादा जेमतेम बोलायचा, म्हणून त्याला इथं आणलं. गोऱ्या साहेबांनी बांधलेलं हे डोंगरावरचं हॉटेल डागडुजी होऊन पुन्हा उघडलं होतं. आमचे बाबा इथं स्वयंपाकी होते. आम्ही मागच्या खोल्यांत वाढलो. आता पाहुणे म्हणून पुढच्या दारानं आत शिरलो, तरी दादा काठी टेकत, खाली मान घालून चालत होता. जिन्यापाशी मात्र तो थबकला. सागवानी कठडा नव्या पॉलिशनं चकाकत होता. लहानपणी पाहुणे जेवायला बसले, की आम्ही त्यावरून घसरायचो. "मॅनेजर बाहेर गेलाय," मी कुजबुजले. "वेडी आहेस का? आजी झालीस तू!" तोवर मी पदर खोचून वर पोचले होते. घसरत खाली आले ती धपकन बुडावर आपटले. दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग काठी माझ्या हातात देऊन तो जिना चढू लागला. "कुणी येतंय का बघ!"