कोरा नकाशा

अपघातानंतर बाबा शुद्धीवर आले नव्हते. आईचा आवाज ऐकवून त्यांच्या मेंदूचा स्कॅन काढला होता आणि त्याचं गणित तिथेच काम करणाऱ्या त्यांच्या मुलीच्या हाती होतं. आवाज चालू असताना आणि शांतता असताना मेंदूच्या हालचालीत पडलेला फरक जिथे निव्वळ योगायोगाचा नसेल, तिथेच मेंदूच्या नकाशावर रंग उमटणार होता. नकाशा कोराच राहिला.

"अट जरा सैल कर, रंग येईल," सहकारी हळूच म्हणाला.

"येईल. पण तो माझ्या मनाचा असेल."

बाहेर येऊन तिने आईला खरं ते सांगितलं. "काही दिसलं नाही गं. ऐकत असतील, नसतीलही."

राहिलेलं बोलायला आई पुन्हा बाबांच्या खोलीकडे निघाली. "जन्मभर माझ्या बोलण्यावर त्यांनी कधी हूं का चूं केलं? पण सांगितलेली वस्तू संध्याकाळी बरोबर घरी यायची."