रेघ ठेवून

"रेघ ठेवून कापणार की रेघ खाऊन?" मुलीने विचारलं.

"रेघ खाणारा सुतार पाहिलायस का या घरात?" बाबा म्हणाले आणि पुन्हा वर्कशॉपच्या दारापर्यंत जाऊन आले. पातं रेघेच्या बाहेरून न्यायचं, रेघ फळीवर शाबूत राहिली पाहिजे, हा त्यांचा नेम.

सकाळपासून त्यांनी दोनदा करवत-मशीनचं पातं बदललं होतं. मागच्या आठवड्यात कपाटाचं एक दार गिऱ्हाइकाने परत पाठवलं, कड नागमोडी म्हणून. बाबांनी सगळा दोष पात्यावर ढकलला होता.

"आज वाकडं गेलं तर मशीन तुझी. मी हात लावणार नाही."

टेबलावर त्याच्या बदली द्यायचं दुसरं दार कापायला तयार होतं. बोट कडेला टेकवून, पेन्सिल सरकवत त्यांनी एका दमात रेघ ओढली होती. फूटपट्टी त्यांना कधी लागली नव्हती. मुलीने मात्र टेपने मोजून दोन्ही टोकांना दोन ठिपके दिले, ठिपक्यांवर ॲल्युमिनियमची लांब गाइडपट्टी ठेवली आणि दोन्ही क्लॅम्प मनगट दुखेपर्यंत आवळले. मध्यावर रेघ पट्टीखाली शिरली होती, वीतभर पुढे बाहेर डोकावत होती. तिने नुसतीच धूळ फुंकली.

"हे काय? म्हातारपणी पांगुळगाडा?"

"मशीनसाठी आहे, बाबा. तुमच्यासाठी नाही."

"रुळावरून काय, आंधळाही नेईल."

"मग न्या ना."

बाबांनी डावा हात खिशातून काढला. मशीनच्या बुडाची खाच पट्टीच्या उंचवट्यावर बसवली आणि बटण दाबलं. आवाज एका सुरात सुरू झाला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. कापलेला तुकडा खाली पडला.

त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "सुतासारखी!" म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच स्टुलावर बसले.

पण लगेच उठले. चष्मा पुसून दारावर वाकले. कडेला रेघ वीतभर होती, मग चार बोटं नव्हती, मग परत होती, परत नव्हती. जिथे ती बाहेर झुकली होती, तिथे तिचा भुसा झाला होता.

पंख्याने थोडा भुसा उडाला. बाबांनी हात पुन्हा खिशात घातला.

"पट्टी सरकली असेल," ते म्हणाले.

"सरकली असेल."

ती क्लॅम्प सोडवायला लागली. पहिला एका हाताने सुटेना. तिने दोन्ही हात लावले, तरी तो जागचा हलेना. शेवटी बाबांनी पुढे होऊन तिच्या हातांवर आपले हात ठेवले. दोघांनी मिळून जोर लावला, तेव्हा कुठे तो सुटला.