मास्तरांच्या कागदावरची फुली

दोन्ही इंजिनं गुलाबांच्या ताटव्यामागे समोरासमोर थांबली, तेव्हा मध्ये जेमतेम वीतभर रूळ उरला होता. एका गाडीमागे डॉक्टरीणबाई रिमोट धरून उभ्या, दुसरीमागे घड्याळवाले. दोघांनीही ऐन वेळी ब्रेक लावला होता.

“मला लाइन क्लियर मिळाली होती,” घड्याळवाले कुजबुजले.

“मलाही.”

म्हणजे पुढचा रूळ मोकळा आहे असं सांगून मास्तरांनी एकेरी रुळावर दोन्हीकडून गाड्या सोडल्या होत्या. खऱ्या रेल्वेत यावर चौकशी बसली असती. इथे रूळ बागेतले, इंजिन हातभर, डबे बुटांच्या खोक्याएवढे. पण म्हणून चूक काही लहान होत नाही. तीस वर्षं दर रविवारी मास्तर व्हरांड्यातल्या टेबलाशी बसून या गाड्यांचा कंट्रोल सांभाळत आले होते. पूर्वी सात जण गाड्या चालवायला यायचे. बागेत पाय ठेवायला जागा नसायची, आणि सातही जण मास्तरांच्या आवाजावर डोळे मिटून गाडी हाकायचे. काय दिवस होते! आता उरले हे दोघे.

सकाळीच मास्तरांच्या लेकीने या दोघांना फाटकाशी गाठलं होतं. “काका, बाबा हल्ली विसरतात. ती खुर्ची गेली तर खचतील हो. तेवढं सांभाळून घ्या.”

घड्याळवाल्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी नेला. डॉक्टरीणबाईंनी मानेनेच नको म्हटलं. गाडी मागे घ्यायची तर कंट्रोलला विचारायला हवं, आणि विचारणं म्हणजे सांगणंच.

“मी उचलते,” त्या म्हणाल्या.

“हाताने? अहो, काहीतरीच काय!”

गाडीला हात लावणं हे या मंडळींत महापाप. रुळावरून घसरली तरच हात, एरवी नाही. पण बाई स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत खाली बसल्या, आणि जन्मभर लोकांच्या दाढा काढल्या त्याच सफाईने त्यांनी इंजिन उचलून गवतावर ठेवलं. मग चारही डबे. घड्याळवाल्यांची मालगाडी पुढे निघून गेली. बाईंनी आपली पॅसेंजर पुन्हा रुळावर चढवली, हाताची माती झटकली आणि त्याही निघाल्या.

एका टोकाला पाण्याच्या टाकीजवळचं स्टेशन, ते टाकी. दुसऱ्या टोकाला लिंबाच्या झाडाखालचं, ते लिंबोणी.

“पॅसेंजर टाकीला पोचली, दहा चाळीस.”

“माल लिंबोणीला पोचली, दहा बेचाळीस.”

इतका खटाटोप केला, पण वेळ खोटी सांगावी हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. गाडी पोचली की घड्याळ बघून खरी वेळ सांगायची. तीस वर्षं वळण लागलेली जीभ, ती ऐनवेळी थोडीच ऐकते?

व्हरांड्यात मास्तरांनी दोन्ही वेळा कागदावर मांडल्या. प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ, जाणारीची इकडून, येणारीची तिकडून. रेघा एकमेकींना छेदायच्या त्या स्टेशनातच, कारण दुसरा रूळ असतो तो तिथेच. या दोन भलतीकडेच छेदल्या होत्या. भर एकेरी रुळावर फुली.

मास्तर बराच वेळ त्या फुलीकडे बघत राहिले. मग त्यांनी दोघांना बोलावून घेतलं.

“या दोन गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या कशा?”

घड्याळवाले आपल्या चपला बघू लागले.

“उचलून,” बाई म्हणाल्या.

“हाताने?”

“हाताने.”

“आजच, की आधीही?”

लेक चहाचा ट्रे घेऊन दारात येऊन ठेपली होती. तिने बाईंना डोळ्यांनीच विनवलं. बाईंना ते दिसलं, तरी त्या म्हणाल्या, “मागच्या रविवारी माझी बॅटरी संपली होती ना, मास्तर? ती संपली नव्हती. समोरून गाडी येत होती, म्हणून मी माझी सोडलीच नव्हती.”

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. ती घरंगळली, तर पुन्हा नीट ठेवली. मग ते उठले आणि त्यांनी खुर्ची बाईंपुढे सरकवली.

“बसा.”

“मला नाही जमायचं.”

“न जमायला काय झालं? एका जागी दोन दात येऊ द्यायचे नाहीत, एवढंच काम आहे.”

कुणी हसलं नाही, म्हणून ते स्वतःच हसले. घड्याळवाल्यांकडून त्यांनी मालगाडीचा रिमोट मागून घेतला आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरले. घड्याळवाले बाईंचा रिमोट घेऊन टाकीकडे गेले. पॅसेंजर लिंबोणीला परत आणायची होती.

बाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या. पॅसेंजर टाकीहून सुटली, त्यांनी रेघ सुरू केली. एवढ्यात टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला.

“कंट्रोल, माल लिंबोणीवर उभी आहे. टाकीपर्यंत लाइन क्लियर मिळेल का?”

आवाज तोच होता. पण तो आजवर हुकूम सोडत आला होता, मागत कधी नव्हता. त्यांनी कागद एकदा पाहिला, दुसऱ्यांदा बोट ठेवून पाहिला.

“थांबा, मास्तर. समोरून गाडी आहे.”

लेकीने ट्रे तसाच धरून ठेवला होता, कपातला चहा बशीत सांडत होता.

“थांबलो,” मास्तर म्हणाले.

बाईंनी पॅसेंजरची रेघ पुढे ओढली. लिंबोणीच्या बाजूने चाकांची बारीक खडखड सुरू झाली, वाढत गेली, मग थांबली. वॉकीटॉकी पुन्हा खरखरला.

“आली हो बाई! अगदी शेजारून गेली. तीस वर्षं मी हिला नुसती रेघच समजत आलो.”