ज्वारीचा गुण

मधुमेह असलेली माणसं चपाती सोडून पुन्हा ज्वारीच्या भाकरीवर आली, तर त्यांची साखर किती उतरते, हे तपासायला अर्पिता दर आठवड्याला ईट गावी यायची. चाळीस जणांत एकट्या कडूबाईंची साखर दोन महिने झाले तरी जागची हलेना. एकदा रक्त घेता घेता ती वैतागून बोलून गेली, "मावशी, अशानं माझा सगळा अभ्यास वाया जायचा."

"म्हंजी माझ्यापायी तू नापास व्हणार व्हय गं?" कडूबाईंचा चेहरा पडला.

अर्पितानं ते हसण्यावारी नेलं, पण परतीच्या एसटीत तिला स्वतःचंच बोलणं टोचत राहिलं. आजारी बाईच्या जिवाला उगाच घोर लावला होता तिनं.

तिसऱ्या महिन्यात मात्र सगळ्यात जास्त साखर उतरली ती कडूबाईंचीच. वजनही चार किलोनं घटलं. अर्पिताच्या जिवात जीव आला.

"मावशी, ज्वारीनं गुण दाखवला! पास झाले बघा मी."

कडूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

अर्पिता निघाली तेव्हा कडूबाईंची सून फाटकापर्यंत सोडायला आली. मागं वळून, सासू ऐकत नाही ना हे बघून, ती हळूच म्हणाली,



"मॅडम, आता पास झालात नव्हं? मग आत्याला रातचं जेवायला सांगा की. तुमच्यासाठी महिनाभर भाकर सोडलीय त्यांनी."