पळत्या टिप्परचा फोटो

"पळत्या टिप्परचा नंबर येतो का, तेवढं सांगा."

महारुद्रने जुना कॅमेरा काउंटरवर आपटल्यासारखा ठेवला. परभणीच्या दुकानातला शिवशंकर दचकला. मानवतचा हा फोटोग्राफर त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्याचा आवाज कधी चढलेला शिवशंकरला माहीत नव्हता.

"दिवेलागणीची वेळ," महारुद्र म्हणाला. "समोरून लाइट डोळ्यांवर. धूळ. गाडी ऐंशीच्या पुढं. माझ्या कॅमेऱ्यात नुसता गोळा येतो."

"याच कंपनीची नवी बॉडी घ्या, तुमच्या लेन्सा चालतील," शिवशंकर म्हणाला. "पण खरं सांगू? या कामाला ही दुसरी कंपनी. एकदा फोकस धरला की सोडत नाही. आवाजही नाही. फक्त सगळंच बदलावं लागेल. लेन्सा, फ्लॅश, सगळं."

"सगळं कशाला बदलायले, दाजी?" मागून दत्ता म्हणाला. दत्ता म्हणजे महारुद्रच्या बायकोचा, सविताचा, धाकटा भाऊ. आपल्या गाडीतून त्यानेच महारुद्रला आणलं होतं. "खंडेनवमीला आक्का ह्याच कॅमेऱ्याला हळदकुंकू लावायची. बघा, पट्ट्यात अजून कुंकू हाय."

पट्ट्याच्या शिवणीत खरंच कुंकू होतं.

"कुंकवानं नंबर येतो का?" महारुद्र ओरडला. कॅमेरा उचलून तो बाहेर पडला.

उन्हाळ्यात सविता फाट्यावर एसटीतून उतरली आणि कडेकडेने घरी निघाली. रेतीच्या टिप्परने तिला उडवलं. टिप्पर थांबला नाही. फाट्यावर कुणीच काही पाहिलं नव्हतं. हॉटेलवाला म्हणाला, मी आत भजी तळत होतो. त्याची भट्टी रस्त्याकडे तोंड करून बाहेर मांडलेली आहे. एक पंक्चरवाला तेवढा हळूच बोलला, एक लाइट पांढरा होता, एक पिवळा. चौकीवरच्या जमादाराने हात झटकले. "नंबर आणा, मग बघू."

तेव्हापासून महारुद्र संध्याकाळी फाट्यावरच्या बाभळीमागे बसायचा. एकदा तो टिप्पर आला. एक लाइट पांढरा, एक पिवळा. महारुद्रने बटण दाबलं आणि पांढरा-पिवळा चिखल मिळाला. त्याने ते दत्ताला सांगितलं. मग दत्ताही दुकान लवकर बंद करून सोबत बसायला लागला. त्याचं खत-बियाण्याचं दुकान होतं. पण टिप्पर पुन्हा दिसला नाही.

"नशीबच फुटकं, दाजी," दत्ता म्हणायचा.

सविताच्या मातीला सगळ्यात मोठ्याने तोच ओरडला होता. "नाव कळू द्या, टिप्परसकट जाळतो त्याला!" दहाव्या-तेराव्याचं सगळं त्यानेच उभं राहून केलं होतं.

परतताना गाडीत दोघांचं वाजलं.

"नंबर मिळाला तरी काय करणार तुमी?" दत्ता म्हणाला. "त्या लोकायचे हात लय लांब हाईत."

"बहीण तुझी मेलीय, दत्ता. माझ्या एकट्याची बायको न्हाई मेली."

"म्हणूनच म्हणायलो. आक्का गेली. आता तुमी कशाला जीव देता?" दत्ताने गिअर बदलला. "तो कॅमेरा ठेवा. आठवण म्हणून ठेवा. लग्नाच्या ऑर्डरी घ्या."

"आठवण कशाची? गोळ्याची?"

स्टुडिओत आल्यावर महारुद्रने धाडकन शटर ओढलं. भिंतीवर नवऱ्या, बारशी, पुढाऱ्यांचे सत्कार. सविता कुठेच नव्हती. ती कायम फ्लॅश धरून त्याच्या बाजूला उभी असायची. एकाच फोटोत ती आली होती, तीही अर्धी. दत्ताच्या पोराचं, सोनूचं जावळ. पोरगं मामाच्या मांडीवर, अर्धं डोकं भादरलेलं, तोंड रडवं. आणि खाली केस झेलायला पसरलेला आत्याचा पदर. हिरव्या बांगड्यांचे दोन हात. चेहरा फोटोबाहेर राहिला होता. दत्ताला तो फोटो फार आवडला होता. "लय मोठा करायचाय," म्हणून मागच्या दिवाळीत त्याने मागून नेला होता.

फोटो घ्यायला गेलेल्या माणसाला बायकोचा चेहरा घेता आला नाही, याचाही महारुद्रला आता राग यायचा.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच एसटीने परभणीला गेला. दत्ताला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा तेच कुंकू, तीच आठवण.

"विचार केला का नीट?" शिवशंकरने विचारलं. "जुना कॅमेरा, लेन्सा एकदा बदल्यात दिल्या की परत मिळणार नाहीत."

"माणूस मिळालं का परत?"

शिवशंकरने खोकं फोडलं. महारुद्रने जुन्याचा फक्त पट्टा काढून घेतला आणि नव्याला बांधला.

त्याच संध्याकाळी तो बाभळीमागे बसला. मच्छर चावत होते. हॉटेलवाल्याने त्याला पाहिलं आणि पाठ फिरवली. धूळ उठली. एक लाइट पांढरा, एक पिवळा.

नव्या कॅमेऱ्याने आवाज केला नाही. टिप्पर निघून गेला, अंगावर रेती उडवून.

महारुद्रने फोटो मोठा केला. नंबरप्लेट अगदी स्पष्ट आली होती. तिच्यावर फासलेलं काळं ग्रीसही स्पष्ट आलं होतं. एकही आकडा दिसत नव्हता.

त्याने शिवी हासडली. टिप्परला, जमादाराला, शिवशंकरला. कॅमेरा दगडावर आपटायला हात वर नेला. पट्टा मनगटात अडकला, म्हणून वाचला.

मग त्याने फोटो वर सरकवला. ड्रायव्हर ओळखीचा नव्हता, पोरगेलासाच होता. अजून वर सरकवला. काचेच्या वरच्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टिकर होतं. अर्धं डोकं भादरलेला सोनू रडत होता, आणि त्याच्या हनुवटीखाली हिरव्या बांगड्यांच्या दोन हातांनी पदर पसरलेला होता.