दगडाचं तोंड

“दगड छान आहे हो. कुणाकडचा आणलात?”

हामुरो आजींनी हे इतक्या गोडीने विचारलं की शिओरी सावधच झाली. दगड आजींचाच होता. त्यांचं जुनं घर पाडलं, तेव्हा मधल्या अंगणातला हा दगड त्यांनी दिवंगत नवऱ्याच्या नावाने गल्लीच्या नव्या बागेला दिला होता. ‘मी स्वतः उभी राहून बसवून घेईन,’ असा शब्द शिओरीने त्यांना दिला होता आणि सगळ्या बागेचा आराखडा तिने या एका दगडाभोवती आखला होता.

शिओरी होक्काइदोची, सरळ बोलणाऱ्या माणसांतली. क्योतोत राहून तिला एवढंच कळलं होतं की इथली माणसं ‘छान’ म्हणाली की समजावं, काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय ते आपलं आपण ओळखायचं. दुकानदार ‘पोरं किती चपळ हो तुमची’ म्हणाला की इथल्या आया पोरांचे हात घट्ट धरतात.

“डावीकडे झुकल्यासारखा वाटतो का, आजी?” तिने विचारलं.

“छे! सुरेख आहे.”

“मग जरा उंच?”

“उंचीही छानच.”

“बाईसाहेब, ठरवा लवकर,” क्रेनपाशी उभा असलेला दगडवाला गोंदा ओरडला. दगड खड्ड्यात टेकला होता, पट्टे अजून तसेच होते. “एकदा माती ठोकली की तुमचा बाप आला तरी हलायचा नाही तो.”

आजींनी बागेत सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, “नि माझा कधी बसवणार?”

आता मात्र शिओरीच्या डोक्याचा भुगा झाला. हा टोमणा नव्हता. आजी खरंच विचारत होत्या.

“आजी, हा तुमचाच आहे.”

“पोरी, मी म्हातारी आहे, आंधळी नाही. माझ्या दगडाच्या कमरेला पांढरी शीर आहे, तिरकी. खाली खळगा आहे, त्यात पाणी साचायचं. तांदूळ धुताना रोज बघायचे मी, चिमण्या यायच्या प्यायला. हा बघ, कसा गुळगुळीत काळा. कुणा श्रीमंताकडचा दिसतोय.”

शिओरी दगडाकडे बघतच राहिली. तिने आजींच्या दिवाणखान्यात बसून याचे किती तरी फोटो काढले होते. हीच उतरण, हाच काळा रंग. पण हिवाळाभर दगड गोंदाच्या आवारात पडून होता, शेकडो दगडांत. बदलला असेल तर? आपणच फोटो बघून बघून दुसराच ओळखीचा करून घेतला असेल तर? आपल्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास उडाला.

“गोंदा-सान, आवारात अदलाबदल तर नाही ना झाली?”

“माझ्याकडे दगड बदलत नाहीत, बाईसाहेब. गिऱ्हाइकांची डोकी बदलतात.”

“सापडत नसेल तर तसं सांग,” आजी म्हणाल्या. “घर गेलं, ते गेले, तेवढा एक दगड उरला होता. लोकांनी बघावा म्हणून दिला मी. परक्या दगडावर त्यांचं नाव नको मला. द्यायचा तर माझा द्या, नाहीतर मी दिलाच नव्हता असं समजा.”

“उचला,” शिओरी गोंदाला म्हणाली. “आवारात जाऊन बघू.”

गोंदाने पुटपुटत क्रेन चालू केली. पट्टे ताणले गेले, दगड खड्ड्यातून वर निघाला आणि लोंबकळत सावकाश फिरला. बागेच्या मागच्या भिंतीकडे होती ती बाजू समोर आली.

“हा!” आजी ओरडल्या. “हाच की! कुठे लपवला होतात मेल्यांनो?”

तिरकी पांढरी शीर होती. खळगा होता. खळग्यात आवारातला पालापाचोळा कुजला होता.

गोंदाने क्रेन तिथेच थांबवली. दगडाला तोंड असतं, ते माणसांकडे करायचं आणि पाठ भिंतीकडे, हे शिओरी उद्यानरचनेच्या पहिल्या वर्षाला शिकली होती आणि त्यात तिची चूक झाली नव्हती.

“आजी, तुम्ही हा नेहमी स्वयंपाकघरातूनच बघायचात?”

“मग दुसरं कुठून बघणार?”

“दिवाणखान्यातून. तिथून हे तोंड दिसायचं, काळं.”

“तिकडे ते बसायचे. त्यांचे पाहुणे बसायचे. मी गुडघ्यांवर बसून चहा ठेवायचे नि निघायचे. पाठ अंगणाकडे असायची माझी.”

“पण झाडायला जात असाल ना?”

“झाडताना कोण वर बघतं? नि ते गेल्यावर ती खोली मी बंदच ठेवली, तू फोटो काढायला आलीस तेव्हाच उघडली.”

शिओरी गडबडली. तोंड भिंतीकडे केलं तर बागेत येणाऱ्यांना दगडाची पाठ दिसणार. पाठ मागे ठेवली, तर ज्यांनी दगड दिला त्यांनाच तो परका. कोणतं चुकीचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“मला जरा ती काळी बाजू दाखव,” आजी म्हणाल्या.

गोंदाने दगड हाताने हळूच फिरवला आणि पुन्हा खड्ड्यात टेकवला. काळी उतरण समोर आली. पावसात भिजलेला लांबचा डोंगर असावा तशी ती दिसत होती. बाक अजून यायचे होते. शिओरीने दोरखंडांचं खोकं उलटं करून दिलं. आजी त्यावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि बघत राहिल्या. कोपऱ्यावरच्या शाळेची घंटा झाली, पोरं कुंपणापलीकडून आरडाओरडा करत गेली. आजींनी मान वळवली नाही.

“मी फिरवून घेते, आजी,” शिओरी शेवटी म्हणाली. “तुमची बाजू पुढे करते. फिरवू ना?”

“अगं, थांब की,” आजी दगडावरची नजर न काढता म्हणाल्या. “मी इकडे आत्ता कुठे बसलेय.”